ज्ञानोबाचा कायदा

ते साल त्र्याऐंशीचं. लातूर जिल्हा झाल्यानंतरचा पहिला उन्हाळा, आणि आदल्या साली पावसानं अशी पाठ फिरवलेली की विहिरींच्या तळाला उतरून पोरं गोट्या खेळायची. सरजाबाईला सालं अशीच लक्षात राहतात. बहात्तरचं दुष्काळातल्या सुकडीचं, त्र्याऐंशीचं कुतुबखान्याचं, त्र्याण्णवचं भूकंपाचं. मधली सालं आली आणि गेली, त्यांना तिनं कधी नाव दिलं नाही.

परवा ती गंजगोलाईत चपला घ्यायला एकटीच गेली होती. लेक भीमा म्हणाली होती, शनिवारी मी येते तुझ्यासोबत. पण चपलेसाठी शनिवारची वाट बघण्याची सरजाबाईला सवय नाही. उजव्या पायात नवी चप्पल आणि डावा पाय अजून जुनीत, अशी ती स्टुलावर बसली आणि भिंतीवरच्या पाट्या वाचू लागली. अक्षर उशिरा आलेल्या माणसाला पाटी दिसली की वाचल्याशिवाय राहवत नाही. यष्टीत बसली तरी ती खिडकीबाहेरची दुकानं ओठ हलवत वाचत जाते आणि शेजारच्या बाईला वाटतं म्हातारी जप करते. या दुकानातली पाटी लाल अक्षरात होती. एकदा घेतलेला माल बदलून मिळणार नाही. 'बदलून'पाशी ती अडली. पुन्हा वाचलं. डोक्यावरच्या पंख्याचा आवाज, बाहेरचे हॉर्न, सगळं एकाएकी लांब गेलं आणि नाकात ओल्या चुन्याचा आणि जुन्या कागदाचा वास शिरला.

"आजी, दुसरा पाय घाला की," दुकानदार म्हणाला.

"घालते बाबा. पाय कुठं पळून चाललाय," ती म्हणाली, पण पाय तसाच राहिला.

बदलून मिळेल. हाच शब्द त्या उन्हाळ्यात बसलिंगप्पा मास्तरांनी लातूरच्या कुतुबखान्याच्या पायरीवर उभं राहून मोठ्यानं उच्चारला होता. पाटीवर वाचनालय लिहिलेलं होतं, पण निजामाच्या काळापासून जुनी माणसं त्याला कुतुबखानाच म्हणायची. हातभर जाडीच्या भिंती, वर उंच झरोके, आणि समोर मोकळं मैदान. त्या मैदानात पाण्याचा टँकर यायचा. कधी यायचा ते टँकरलाच माहीत. बायका सकाळी घागरी रांगेत लावून ठेवायच्या आणि स्वतः कुतुबखान्याच्या भिंतीला चिकटून सावलीत बसायच्या. सावली जशी आखडत जायची तशा त्याही आखडायच्या. सरजाबाई आणि तिचा नवरा साहेबराव मुखेडकडचे. तिकडं रानात काम उरलं नव्हतं, आणि इकडं नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांचं बांधकाम निघालेलं, म्हणून ती दोघं लेकीला घेऊन आली होती. साहेबराव गिलावा करणाऱ्या गवंड्याच्या हाताखाली आणि ही वाळू चाळायला, असं काम. राहायला पत्र्याची खोली. रांगेत सरजाबाईची घागर बहुतेक वेळा कस्तुराबाईच्या मागं यायची. कस्तुराबाई शेषेराव पाटलांची, गावाच्या कडेला पंधरा एकर रान असलेली. पण त्या साली टँकरनं तिलाही रांगेत आणून उभं केलं होतं. "घागरीला घागर लावू नगंस गं," ती मागं न बघता म्हणायची. सरजाबाई आपली घागर वीतभर मागं ओढायची. राग यायचा, पण उन्हात तोही फार वेळ टिकायचा नाही.

मास्तर निलंग्याकडचे, शाळेतून रिटायर होऊन वाचनालय सांभाळणारे. कपाळावर विभूतीचे पट्टे, धोतर गुडघ्याच्या जरा खाली, आणि बोलता बोलता कानडी तोंडात यायची. एक दिवस त्यांनी दोन्ही दारं सताड उघडली आणि भिंतीशी बसलेल्या बायकांना हाक घातली, "बर्री, आत बर्री! सावली आतपण हाय. तिला काय वर्गणी न्हाई." बर्री म्हणजे काय ते सगळ्याच बायकांना ठाऊक नव्हतं, पण बोलावणाऱ्या हाताला भाषा लागत नाही. आधी कुणी उठेना. कुतुबखान्यात शिकलेली माणसं जातात, तिथं बायकांनी घामेजल्या लुगड्यानं जाऊन बसायचं म्हणजे काय? मग एक म्हातारी उठली, म्हणाली, "मरायचं तर थंड जागी तरी मरू," आणि तिच्यामागं सगळ्या आत गेल्या. आत शहाबादी फरशी होती. त्या फरशीवर तळवा टेकल्यावर अंगातून जे गेलं ते सरजाबाईला आजही नेमकं सांगता येणार नाही. पण कुणी सुख म्हणालं की तिच्या तळव्याला ती फरशी आठवते.

मास्तर रोज दुपारी वाचून दाखवायचे. आधी वर्तमानपत्र, त्यात टँकरची आणि रोजगार हमीच्या कामांची बातमी असेल तर ती दोनदा, मग गोष्ट. गोष्टीतल्या सासूचा आवाज ते असा काढायचे की दारात बसलेल्या खऱ्या सासवा पदरानं तोंड झाकून हसायच्या. टँकर आला की पुस्तकात बोट घालून थांबायचे. "उरलेलं उद्या." पुढं पुढं तर असं व्हायला लागलं की लांबून टँकरचा आवाज आला की बायका कपाळाला हात लावायच्या. "मुडद्याला आत्ताच यायचं होतं! त्या सुनेला घरातून काढलं की घेतलं, तेवढं तरी कळू द्यायचं!" दुष्काळात टँकर आल्याचं वाईट वाटावं, असं करून दाखवणारा माणूस सरजाबाईनं त्यानंतर पाहिला नाही. पुढाऱ्यांची भाषणं तिनं ऐकली, कलेक्टर पाहिले, पण मास्तरांच्या जवळपास जाईल असं कुणी नाही.

आणि मग ती घोषणा. "उन्हाळी सुट्टी लागली. पोरांना घेऊन या. गोष्टींची पुस्तकं हायत. रोज बदलून मिळतील."

सरजाबाईच्या जगात बदलून मिळणं म्हणजे काय, ते साधं होतं. जोंधळे देऊन मीठ. डोक्याचे गळलेले केस देऊन वाटी. फाटकं लुगडं देऊन पातेलं. एक वस्तू घरातून जाते तेव्हा दुसरी येते, आणि जाणारी वस्तू पुन्हा कधी दिसत नाही. तिची भीमा नऊ वर्षांची, तिसरी उरकून चौथीत चाललेली. हातात येईल ते वाचायची. भज्याचा कागद तेल निथळायच्या आत वाचून काढायची आणि पुढचा तुकडा नाही म्हणून रडकुंडीला यायची. बदलायचं तर पोरीसाठी पुस्तक बदलायचं. पण द्यायला घरात पुस्तक एकच होतं. बापाचा कायदा.

ज्ञानोबा त्याला कायदाच म्हणायचा. छप्पन साली त्यानं दीक्षा घेतली, आणि दुसऱ्या वर्षी वस्तीवर संध्याकाळचा वर्ग निघाला तेव्हा पोरीबाळींच्या शेजारी मांडी घालून बसला. शिकवणारा गुरुजी निजामाच्या अमलात उर्दू शिकलेला, त्याच्या तोंडी पहिल्या पुस्तकाला कायदा हा शब्द बसलेला. अंकलिपीलाही तो कायदाच म्हणे, आणि ज्ञानोबानं तोच शब्द उचलला. मिशा पिकायला आलेल्या माणसाला आपलं नाव लिहायचं होतं, एवढंच. गुरुजी म्हणाला, तुझं अक्षर एकदम शेवटाला आहे ज्ञानोबा, क्ष नंतरचं. "मग काय करता," बाप सांगायचा, "माझ्या एका अक्षरासाठी सगळी अक्षरं पार करत जावं लागलं. कुणी काशिनाथ असता तर पहिल्याच पानाला उठून घरी गेला असता." ज्ञच्या पानावर यज्ञाचं चित्र होतं, पेटलेलं कुंड. बाप म्हणायचा, "ह्यो यज्ञ नव्हं, चूल हाय म्हण. चूल पेटलेली असली म्हंजी झालं. ज्ञ ज्ञानोबाचा." तिथं त्याच्या अंगठ्याचा डाग पडलेला, तंबाखूचा. पाढ्यांची पुढची पानं कधीच गळून गेली होती, म्हणून ज्ञ हेच शेवटचं पान. सरजाला शाळा लाभली नाही, गुरं होती. पण ते एक अक्षर बापानं तिचं बोट धरून धुळीत गिरवून घेतलं होतं. सगळ्या मराठी भाषेत तिला तेवढं एक अक्षर येत होतं. बाप गेला तेव्हा भावांनी कोयता घेतला, बैलजोडी घेतली. तिनं कायदा मागितला. भाऊ हसले आणि देऊन टाकला.

ती दुसऱ्या दिवशी तो घेऊन गेली. आईच्या लुगड्याच्या लाल काठात बांधलेला. टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हे घ्या. बापाचा कायदा हाय."

वर्तमानपत्र वाचत बसलेला एक विजारवाला हसला. "कायदा? वकील होता का काय बाप?"

मास्तरांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. काठ सोडला, पान उलटलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की पत्रावळीवर लहानपणीचा पदार्थ दिसावा. "कायदाच हाय," ते म्हणाले. "आम्ही पण कायदाच म्हणत होतो. बाई, हे तुम्ही देता?"

"हाव."

"खुशीनं?"

खुशीचा काय संबंध, बदलायचं तर द्यावंच लागतं. ती म्हणाली, "पोरगी आली बघा. तिला द्या आता." आणि भीमाच्या कानात पुटपुटली, "जाड बघून घे." एवढं भारी दिल्यावर बारकं घेऊन कसं चालेल?

भीमा आपलं जाडजूड पुस्तक छातीशी धरून वळत होती तोच मास्तर उठून उभे राहिले. सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "आज आपल्या वाचनालयाला एक कायदा भेट आला हाय. सरजाबाईंनी दिला. ह्या दुष्काळात सगळे मागायला येतात, ही बाई द्यायला आली." आणि त्यांनी टाळी वाजवली. मग सगळ्या बायकांनी वाजवली. कस्तुराबाईनंसुद्धा. सरजाबाईच्या कानात टाळ्या अजून आहेत, फरशीवर जोंधळे सांडावेत तशा. तिच्यासाठी त्याआधी कुणी टाळी वाजवली नव्हती. लग्नात वाजल्या असतील, पण त्या लग्नाच्या.

घरी आल्यावर साहेबराव म्हणाला, "बापाचा कायदा देऊन आलीस? आता घरात कायदा कुणाचा चालायचा?"

"चालायचा तोच चालंल," ती म्हणाली. "माझा."

हसली खरी, पण भाकरी थापताना एक शब्द पुन्हा पुन्हा आठवत राहिला. भेट. मास्तर भेट म्हणाले होते. भीमा दुसऱ्या दिवशी जाड पुस्तक परत देऊन नवं घेऊन आली, तिसऱ्या दिवशी तेही दिलं. दर वेळी आधीचं जातं आणि पुढचं येतं, हे सरजाबाईला पटत होतं. मग एक दिवस तिनं शेजारणीला सहज विचारलं, तुम्ही पहिल्या बारीला काय दिलं होतं? शेजारीण म्हणाली, "काय द्यायचं? नाव सांगितलं पोराचं." सरजाबाई घागर धरून तशीच उभी राहिली. म्हणजे कुणीच काही दिलं नव्हतं. बदलायला काही लागतच नव्हतं. एकटीनं तिनंच बाप दिला होता. आता मागायला जावं तर टाळ्या परत द्याव्या लागणार; त्या कशा परत देतात? ती दुपारी फरशीवर बसून गोष्ट ऐकायची, पण डोळे कपाटांवरून फिरायचे. पुस्तकांच्या पाठीवरची अक्षरं तिला येत नव्हती, ती लाल काठ शोधत होती. एवढ्या पुस्तकांत तो कुठं बसला असेल? त्याच्या शेजारी कोण असेल? बाप भिडस्त माणूस, मोठ्या लोकांच्या मधे बसायचा नाही, कडेला जागा बघायचा.

आणि एक दिवस तिला काठ दिसला. कपाटात नाही. कस्तुराबाई रांगेत वाकली, पदर सरकला, आणि तिच्या कमरेशी ते लाल काठाचं बोचकं. घागरीला घागर लावू न देणारी बाई तिचा बाप कमरेला खोचून फिरत होती. सरजाबाईच्या डोळ्यांसमोर ऊन काळं झालं. ओरडावं वाटलं, आणि हसूही यायला लागलं, आणि दोन्ही आतच अडून राहिलं. त्या दिवशी तिनं घागर मागं ओढली नाही. लागली घागरीला घागर, ठण्ण वाजलं. कस्तुराबाईनं वळून पाहिलं, आणि का कोण जाणे, घागर तशीच राहू दिली.

पुढं पाण्यावाचून बांधकामच थांबलं. माणसाला प्यायला नाही तर भिंतीला कुठलं पाजायचं? मुकादमानं सगळ्यांना रजा दिली. साहेबराव म्हणाला, उद्याच्या यष्टीनं मुखेड. त्या दुपारी सरजाबाई भीमाचं शेवटचं पुस्तक घेऊन एकटीच कुतुबखान्यात गेली. टेबलावर ठेवलं आणि उभी राहिली. तिचा हिशेब असा होता, की आता नवं काही न्यायचं नाही, म्हणजे आपलं पहिलं परत यायला पाहिजे. अदलाबदलीची दोरी उलटी ओढली की टोक हातात येणारच.

"बरं बाई. पुढच्या उन्हाळ्यात या," मास्तर म्हणाले.

ती हलली नाही. "माझं?"

"काय तुमचं?"

"बदलायला दिलेलं."

मास्तरांनी चष्मा काढला. झरोक्यातून आलेला उन्हाचा पट्टा त्यांच्या टेबलावर होता, त्यात धूळ तरंगत होती, आणि ते त्या धुळीकडंच बघत राहिले. त्यांना सगळं कळत चाललंय हे तिला दिसत होतं. आधी शब्द कळला, मग तो दिवस, मग त्या टाळ्या. "शिव शिव," ते हळूच म्हणाले. "बदलून मिळेल, असं मीच म्हणलो होतो." मग छत्री घेतली आणि पायात वहाणा सरकवल्या. "चला माझ्यासंगं."

भर उन्हात ते पुढं आणि ती मागं. कस्तुराबाईचं घर गावाच्या कडेला, रानाला लागून. ती पडवीत बसली होती, पुढ्यात चुलीतली राख पसरलेली आणि राखेत अक्षरं. कायदा उघडा, काठ बाजूला घडी करून ठेवलेला. दोघांना पाहून तिनं राख हातानं पुसली, पोरीनं काही चोरून खाल्लेलं लपवावं तशी.

"कस्तुराबाई," मास्तर म्हणाले, "पुस्तक ह्यांचं हाय. चुकून वाचनालयात आलं."

कस्तुराबाईनं बोटांची राख झटकली. मग सरजाबाईकडं न बघता म्हणाली, "तुमी त्या दिवशी कायदा आला म्हणलात मास्तर. आमच्या रानात कचेरी करायची म्हणून कागद यायलेत. सातबारा माझ्या नावावर हाय. मालक म्हणतात, लाव अंगठा. मला वाटलं जिमिनीचा कायदा आला, गुपचूप वाचून घ्यावा. तुमी हे हातात दिलं. म्हणलात, समदा कायदा हितूनच सुरू होतो."

"खोटं न्हाई सांगितलं," मास्तर म्हणाले.

"न्हाईच. क तर पहिल्याच पानात आला माझा, तितंच उठले असते. पण मग कागदातलं बाकीचं कोण वाचणार?" तिनं पुस्तक उचललं, मिटलं नाही. "नेते म्हणालीस तर ने गं बाई. पण एकच ऱ्हायलंय."

"कोणतं?" सरजाबाईनं विचारलं.

"ही चूल."

सरजाबाईला हसू फुटलं. केवढ्या दिवसांचं अडलेलं हसू, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ती पडवीच्या कडेला टेकली. "चूल न्हाई ती, यज्ञ हाय. माझ्या बापानं चूल केली तिची." आणि वाकून तिनं राखेत बोट घातलं. बोटाला आठवत होतं. आधी आत वळलेला आकडा, मग गाठ, मग खाली येणारी रेघ, वर काठी. तिला येणारं एकुलतं एक अक्षर. "ज्ञ," ती म्हणाली. "ज्ञ ज्ञानोबाचा."

"ज्ञानोबा कोण?"

"माझा बाप."

कस्तुराबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं, त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा. मग त्या अक्षरावरून आपलं बोट फिरवलं, तिच्याच रेघेतून. "ज्ञ ज्ञानोबाचा," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. पाटलाच्या पडवीत बापाचं नाव दोनदा घेतलं गेलं. मास्तर छत्री मिटून उन्हातच उभे होते. मग पाणी आलं. ते कशातून दिलं, वरून ओतलं की भांडं हातात दिलं, ते सरजाबाईला आठवत नाही. खरं तर आठवायला पाहिजे; असल्या गोष्टी ती विसरत नसते. पण ती तेव्हा राखेकडं बघत होती.

कायदा घेऊन ती निघाली. मास्तर पुढं, ती मागं. मैदान आलं, कुतुबखान्याची पायरी आली. साहेबराव सामान बांधून वाट बघत असणार. ती पायरीपाशी थांबली, काठ पुन्हा बांधला, गाठ नीट आवळली, आणि बोचकं मास्तरांपुढं केलं.

"आता काय?"

"आता देते," ती म्हणाली. "तवा दिला न्हवता, बदलला होता. त्या टाळ्या तशाच पडल्यात माझ्याकडं."

मास्तरांनी दोन्ही हातांनी घेतला. टाळ्या वाजवायला आता हात मोकळे नव्हते, आणि आसपास कुणी नव्हतंही.

"आजी," दुकानदार म्हणाला, "होते का बराबर? मागून बदलून मिळत न्हाई बरं का."

"माहीत हाय," सरजाबाई म्हणाली आणि डावा पाय चपलेत घातला. जरा घट्ट होती. ती तशीच चालत घरी आली.

बसलिंगप्पा मास्तर पुढं दहा-बारा उन्हाळे दुपारी दारं उघडत राहिले. भूकंपानंतर कुतुबखान्याच्या भिंतीला तडा गेला, तेव्हा मैदानातल्या लिंबाखाली बसून वाचायचे. वारले ते निलंग्याला, लेकाच्या घरी. कस्तुराबाईनं रानाच्या कागदावर अंगठा लावला नाही. कागद वाचायला तिला अख्खी सकाळ लागली म्हणतात, आणि कचेरीतली माणसं चहावर चहा पीत बसली. अर्धं रान गेलं, अर्धं राहिलं. सही अशी मोठी करायची की कागदाला पुरायची नाही. साहेबरावला दम्यानं नेलं. भीमा धर्माबादला तलाठी होती, आता लातूरला घर बांधून आईला घेऊन राहते आणि अजूनही भज्याचा कागद वाचल्याशिवाय टाकत नाही. सरजाबाई पुढच्याच उन्हाळ्यात पुन्हा कामाला लातूरला आली आणि त्याच फरशीवर बसून, त्याच कायद्यातून, शेवटाकडून सुरुवातीकडं शिकली.

आणि कायदा? मास्तर गेले त्याच्या आधी एकदा तिनं त्यांना विचारलं होतं. दर उन्हाळ्याला कुणी ना कुणी बाई तो न्यायची, ते म्हणाले. वापरून वापरून पुढून विरत गेला; अ गेला, मग क गेला, मग मधली पानं. ज्ञ सगळ्यात जास्त टिकलं, तिथवर जाणारे थोडे. काठात ते एकच पान बांधलेलं असायचं. मग एका उन्हाळ्यात काठ तेवढा परत आला. पान कुणीतरी ठेवून घेतलं होतं.

"म्हंजी कुणीतरी तितवर पोचलं," सरजाबाई म्हणाली होती.